ठकूबाईचा जबाब

लीलाबाईंच्या दहाव्याला घाटावर माणसं चिक्कार होती. रेल्वेतली होती, कुसगावातली होती, कोपऱ्यावरचा भाजीवाला दुकान बंद ठेवून आला होता. नव्हती ती फक्त भावकी. न्हाव्यानं वस्तरा काढला आणि नेहमीच्या सवयीनं हाक दिली, "चला, भावकीतले कोण कोण बसणार, पुढं या." पुढं कोणीच आलं नाही. त्यांचा मुलगा आदिनाथ एकटा बसला, त्याचं डोकं झालं, आणि न्हाव्यानं जरा वाट बघून वस्तरा पुसून पेटीत ठेवला. बाजूला प्लॅस्टिकच्या खुर्चीवर लीलाबाईंचे नवरे, शहाऐंशी वर्षांचे महिपती, हे सगळं बघत होते.

तेव्हापासून म्हाताऱ्याला चैन पडेना. जेवता जेवता घास हातात धरून बसायचे. दुपारी डोळा लागला की दचकून उठायचे आणि आदिनाथला हाक मारायचे.

"आदिनाथ, माजं सुतक कोन धरनार रं?"

"आबा, मी आहे ना."

"तू हायेसच. तू ल्योक हायेस, तुला काय सुटका हाय? मी गावाचं इचारतोय."

आता कुणी म्हणेल, आपल्यामागं कोण गोड खाणार नाही आणि कोण डोक्यावर वस्तरा फिरवून घेणार, याची उठाठेव माणसानं जिवंतपणी कशाला करावी? पण ती शहाऐंशीव्या वर्षी नाही करायची तर काय विशीत करायची? आंदर मावळातल्या धामणवाडीत मूळ घर, मूळ देव, मूळ भावकी. तिथं कुणी मेलं की सगळी भावकी दहा दिवस देवाला हात लावत नाही, घरात मंगल काही होत नाही, दहाव्याला पुरुष डोकं करतात. हे ज्याच्यासाठी होतं तो त्यांचा. ज्याच्यासाठी होत नाही तो परका. महिपतींच्या वडिलांसाठी, धोंडिबासाठी, ते झालं नव्हतं. लीलाबाईंसाठी झालं नाही. आता पाळी आपली, हे म्हाताऱ्याला स्वच्छ दिसत होतं.

भांडण जुनं होतं. धोंडिबा तीन वर्षांचा असताना मानमोडीच्या, म्हणजे १९१८च्या तापाच्या साथीत त्याचा बाप गेला. बापाचा सख्खा भाऊ गेणू. त्यानं भावाची जमीन स्वतःच्या नावावर लावून घेतली, तेव्हा धोंडिबाची आई ठकूबाई वडगावच्या कोर्टात गेली. दावा हरली. पोराला घेऊन गाव सोडलं, कुसगावला आली आणि लोणावळ्याच्या बंगल्यांमधून भांडी घासून तिनं धोंडिबाला वाढवलं. एवढं सगळ्यांना मान्य. पुढचं दोन घरांत दोन तऱ्हांनी सांगतात. महिपतींच्या घरात सांगतात, गेणूनं खोटे साक्षीदार उभे केले. गेणूच्या घरात सांगतात, ठकूनं कुठून तरी पोर आणलं होतं, ते आमच्या रक्ताचं नव्हतंच.

गेणूचा नातू भिमाजी आता भावकीतला मोठा. ऐंशीचा, पण आवाज खणखणीत. आदिनाथनं त्याला फोन लावला, तेव्हा त्यानं आढेवेढे घेतले नाहीत.

"हे बग आदिनाथ, आमी कशाला वाईट वागू? कोर्टानं सांगितलं धोंडिबा तुमचा न्हाई, म्हनून आमी न्हाई धरत. तू कोर्टाचा कागद काढ. त्यात धोंडिबा आमचा असं निगालं, तर तुज्या आबाचं सुतक आमी धरू. सगळी भावकी डोकी करंल. मी शबूद देतो."

झालं. आदिनाथ रेल्वेच्या सिग्नल खात्यात जन्म काढून निवृत्त झालेला माणूस. सिग्नल बिघडला की वायर कुठं तुटली ते सापडेपर्यंत रुळावरून चालत राहायचं, हीच त्याला सवय. घरात बसून तो बायकोच्या, सविताच्या, फोडणीतही चुका काढायला लागला होता. तिनंच त्याच्या हातात पिशवी दिली आणि म्हणाली, "जा बाई एकदाचे कुठं जायचं तिथं."

मग सुरू झाल्या चकरा. आधी गावच्या जमिनीचे जुने फेरफार. त्यात एका ओळीत लिहिलेलं सापडलं की कोर्टाच्या निकालावरून गेणू एकटा वारस. शेजारी दाव्याचा नंबर. त्या नंबरावरून वडगाव, वडगावहून पुणे. अर्ज, पुन्हा अर्ज, जुन्या कागदांच्या वासानं शिंका. घरी आलं की म्हातारा दारातच उभा असायचा.

"गावला का?"

"नाही अजून, आबा."

"मी हाय तवर गावंल ना?"

आदिनाथ हातपाय धुवायला आत जायचा. म्हाताऱ्याची घालमेल आता त्याच्याही अंगात शिरली होती. जेवायला बसला तरी एक पाय हलत राहायचा.

दिवाळी झाल्यावर एकदाची नक्कल हाती आली. सगळी मोडीत. पुण्यात मोडी वाचणाऱ्या एक बाई होत्या, त्यांनी ती देवनागरीत उतरवून दिली. देताना त्या काहीतरी बोलणार होत्या, पण आदिनाथला धीर कुठला! खाली येऊन चहाच्या टपरीवर बाकड्यावर बसून त्यानं वाचायला घेतलं. साक्षीदार ठकू, मयताची बायको. गेणूच्या वकिलानं विचारलेले सवाल आणि तिचे जबाब.

*सवाल: धोंडिबा हा मुलगा कोणाचा?*

*जबाब: माझा नाही.*

*सवाल: मग कोणाचा?*

*जबाब: हिराचा. मी सुपभर नाचणी देऊन तिच्यापासून विकत घेतला.*

*सवाल: तुझ्या पोटचा नाही असे शपथेवर सांगतेस?*

*जबाब: माझा नाही. हिराचा.*

खाली अंगठा. त्याच्याखाली दुसरी साक्ष. *हिरा, राहणार महारवाडा, धामणवाडी. मुलगा माझा आहे. सुपभर नाचणी पावली.*

चहा गार झाला. टपरीवाल्यानं ग्लास उचलू का म्हणून दोनदा विचारलं, ते त्याला ऐकूच गेलं नाही.

म्हणजे खोटे साक्षीदार नव्हते. पणजीनंच आपल्या तोंडानं सांगितलं होतं. आदिनाथच्या मनात तेव्हा जो पहिला विचार आला तो सांगण्यासारखा नाही, पण सांगितलाच पाहिजे. हे कुणाला कळता कामा नये, असा तो विचार होता. लग्नाकार्यात आपल्या घराण्याविषयी छाती फुगवून बोलणारा हा माणूस, त्यानं कागदाची घडी घालून ती पिशवीच्या तळाशी सारली. आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा विचार आला की हा पहिला आपल्या मनात आलाच कसा. पंचवीस वर्षं ज्याच्या डब्यातली भाकरी मोडून खाल्ली तो प्रदीप, त्याच हिराचा पणतू. त्याच गावचा, त्याच खात्यात, ड्यूटीला सोबत. तेव्हा कधी काही वाटलं नाही, मग आता असं का वाटतंय? आदिनाथला स्वतःचा राग आला, आणि राग आला म्हणून आधीचा विचार गेला असंही नाही. दोन्ही तसेच राहिले.

कागद त्यानं कपाटात साड्यांच्या खाली सारला. म्हाताऱ्याला "नाही अजून" म्हणाला. पहिल्यांदाच खोटं. पुढचे काही दिवस तो घरातून बाहेर आणि बाहेरून घरात करत होता. गाडी काढायचा, पवनानगरपर्यंत जायचा, धरणाचं पाणी बघायचा, परत यायचा. आरशासमोर दाढी करताना मध्येच थांबून स्वतःचं नाक निरखायचा. शेवटी सविता म्हणाली, "एक तर बोला, नाहीतर डॉक्टरकडं चला." त्यानं तिसरंच केलं. कागद घेतला आणि प्रदीपच्या घरी, भांगरवाडीत, गेला.

प्रदीप गच्चीत पेपर वाचत बसला होता. आदिनाथनं काही न बोलता कागद त्याच्या हातात दिला. प्रदीपनं चष्मा सारखा करून सगळं वाचलं. मग तो हसायला लागला. आधी हळू, मग चांगलंच.

"तुला काय वाटलं, आपण भाऊ आहोत?"

"तुझ्या पणजीनं शपथेवर सांगितलंय."

"तोंड कशानं उतरलंय तुझं? भाऊ निघालो म्हणून, की नाही निघालो म्हणून?"

आदिनाथनं कागद परत घ्यायला हात पुढं केला. प्रदीपचं हसू थांबलं. त्यानं कागदाची घडी घातली.

"माझी आजी सांगायची हे. हिराची सून ती. तुझ्या ठकूबाईची आधीची लेकरं पाळण्यातच गेली होती. एकही हाताला लागलं नाही. मग हा झाला. तेव्हा लोक काय करायचे, माहीत नाही तुला? पोर विकायचे. म्हणजे यमाला फसवायचं. हे माझं नाहीच, दुसऱ्याचं आहे, मी विकत आणलंय, असं दाखवायचं. नाव दगडाधोंड्याचं ठेवायचं, पोरग्याचंही नाक टोचायचं. ठकूबाई आमच्या वस्तीच्या कडेला आली, पोर जमिनीवर ठेवलं. हिरानं उचललं आणि उकिरड्यावर ठेवलं. ठकूबाईनं सुपभर नाचणी ओतली आणि उकिरड्यावरनं पोर उचलून घेऊन गेली. झाला सौदा."

"म्हणजे धोंडिबा तिचाच?"

"तिचाच. पण तिनं तोंडानं तसं म्हणायचं नाही. एकदा जरी 'माझा' म्हणाली की सौदा मोडला. मग यम घेऊन जाणार."

आदिनाथ एकदम उठून उभा राहिला. छातीवरचं ओझं उतरल्यासारखं त्याला झालं, आणि ते प्रदीपला दिसलं. ते प्रदीपला आवडलं नाही.

"बस खाली. पुढचंही ऐक. आमच्याच दारात का विकायचे, विचारलं नाहीस? आमच्या घरात पोर आहे म्हटल्यावर यमसुद्धा शिवायला येणार नाही, असा हिशेब होता तो. घरी नेल्यावर त्याला आंघोळ घातली असणार, आमचा हात लागला म्हणून."

तो बसला.

"गेणूला हे सगळं ठाऊक होतं," प्रदीप म्हणाला. "एकाच घरात राहत होते ते. ही बाई मेली तरी 'माझा' म्हणणार नाही, हे माहीत होतं, म्हणून तर वकिलाला तो सवाल विचारायला लावला. तारखेच्या आदल्या दिवशी ठकूबाई हिराकडं आली. म्हणाली, मला विचारतील, मी न्हाई म्हननार. तू बी माझं नाव घेऊ नको. हिरा म्हणाली, अगं बाई, जमीन जाईल. ठकूबाई म्हणाली, जाऊ दे. मग हिरानं शपथ घेऊन खोटं सांगितलं. पुढं गावानं हिरालाच शिव्या घातल्या, गेणूकडनं काहीतरी खाल्लं म्हणून. आजी सांगायची, मरेपर्यंत तिला ते लागलेलं होतं."

आदिनाथ म्हणाला, "गावाला येशील? भिमाजीतात्यासमोर हे सांगायला?"

"नाही. एकदा आमच्या घरानं साक्ष दिली, ती पुरे झाली. छप्पन साली आम्ही हे सगळं सोडलं, सुतकही आणि उकिरडेही. तू सांग. तुझी पणजी आहे."

घरी आल्यावर आदिनाथनं म्हाताऱ्यासमोर खुर्ची ओढली आणि कागद वाचून दाखवला. पुढचं समजावून सांगायला त्यानं तोंड उघडलं, पण त्याची गरजच पडली नाही. 'सुपभर नाचणी' या शब्दावरच महिपतींनी हात वर केला.

"थांब." वर केलेला हात त्यांनी कागदावर ठेवला. "आजी माज्या बापाला 'हिराच्या' म्हनायची. ए हिराच्या, जेवून घे. ए हिराच्या, डोई पूस. मला वाटायचं शिवी हाय. आमी पोरं हसायचो. नातवंडं झाली तरी तिनं त्याला कदी ल्योक म्हनली न्हाई रं." म्हातारा लहान पोरासारखा रडला. मग धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले आणि म्हणाला, "गाडी काढ. आत्ता."

"आबा, उद्या सकाळी जाऊ."

"उद्याचं मला सांगू नको."

टाकव्याच्या पुढं रस्ता खराब झाला तसा आदिनाथ गाडी हळू घ्यायला लागला, तर म्हातारा मागून त्याच्या खांद्यावर टपल्या मारत होता. धामणवाडीत भात झोडून झालं होतं. भिमाजीच्या अंगणात पेंढ्याची गंजी रचलेली, घरातली माणसं उन्हाला बसलेली. महिपतींना बघून भिमाजी उठला, ओट्यावर घोंगडी टाकली, सुनेला चहा सांगितला. माणुसकीत कमी नव्हता तो. सगळे टेकल्यावर त्यानं सरळ विचारलं, "कागद गावला म्हना की?"

आदिनाथनं वाचला. सगळा, अंगठ्यासकट. अंगणातली माणसं जवळ सरकली. वाचून संपल्यावर भिमाजीनं मांडीवर हात आपटला.

"मंग? मी काय सांगत हुतो? तिनंच सांगितलंय की! आता आमाला दोस देऊ नका, भाऊ."

आदिनाथ काहीतरी बोलायला गेला, पण महिपतींनी त्याला गप्प केलं. ते भिमाजीकडं बघत होते. त्याच्या उजव्या नाकपुडीवर एक जुनं, बुजत आलेलं भोक होतं. गावात सगळ्यांनी जन्मभर पाहिलेलं, म्हणून कुणालाच न दिसणारं.

"भिमाजी, तुला कितीला घेतला हुता रं?"

या प्रश्नाचं उत्तर भिमाजी लहानपणापासून देत आला होता. जत्रेत, लग्नात, पारावर. हा गावातला जुना गमतीचा विषय. त्यामुळं उत्तर आपोआपच तोंडातून निघालं, हसत.

"मला? पायलीभर कोंड्याला!"

अंगणातली दोन-तीन माणसंही हसली. मग भिमाजीचं हसू तिथंच थांबलं. तो कागदाकडं बघायला लागला. मग महिपतींकडं.

"तुज्या आईला कोर्टात हुबी केली असती," महिपती म्हणाले, "आन् इचारलं असतं, भिमाजी कुनाचा? तर ती काय म्हनली असती?"

सून चहा घेऊन आली होती, ती कपबशा हातात धरून तशीच उभी राहिली. भिमाजीनं घसा खाकरला. खणखणीत आवाज कुठं गेला होता कोण जाणे.

"मरताना आईनं समद्यांना जवळ घेतलं," तो म्हणाला. "एकेकाचं नाव घिऊन. माजा बाळू, माजी सोना. माज्याकडं बगितलं आन् म्हनली, ह्यो कुनाचा? दोनदा म्हनली. ह्यो कुनाचा, ह्याला घरी जाऊ द्या. मला वाटलं, वळखलं न्हाई मला. येवढी वर्सं मला वाटतंय, आईनं मला वळखलं न्हाई."

महिपतींनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "वळखलं हुतं म्हनून तर," ते म्हणाले.

कुणीतरी भिमाजीला पाणी दिलं, ते त्यानं घेतलं नाही. मग तो ओट्यावरून उतरला. आदिनाथला वाटलं, घरात जाऊन पडणार बहुतेक. पण तो अंगणाच्या कडेला न्हाणीजवळच्या पिंपाकडं गेला. थंडीचे दिवस, पिंपातलं पाणी गारठलेलं. त्यानं बादली बुडवली, दोन्ही हातांनी उचलली आणि डोक्यावरची टोपी, अंगातली बंडी, धोतर, सगळ्यासकट स्वतःवर ओतली. सून किंचाळली. तोवर त्यानं दुसरी भरून ओतलीही.

परगावच्या मयताची बातमी भावकीतल्या माणसाला उशिरा कळली, तर ती कानावर पडताक्षणी तो असाच, अंगावरच्या कपड्यांनिशी, डोक्यावर पाणी घेतो. अंगणातल्या प्रत्येकाला ते ठाऊक होतं. लीलाबाई होळीच्या आधी गेल्या होत्या आणि त्या दिवशीच गावात सगळ्यांना कळलं होतं, हेही प्रत्येकाला ठाऊक होतं.

थंडीनं दातावर दात वाजत असलेला भिमाजी महिपतींच्या पुढं येऊन उभा राहिला.

"भाऊ," तो म्हणाला, "वहिनी गेल्याचं आत्ता कळलं मला."

मग तो घराकडं वळून ओरडला, "अरे बगत काय बसलाय! पोरास्नी बोलवा रानातनं. आन् न्हाव्याला निरोप धाडा."